उकिरडा कुजत नसेल तर आधी गोठ्याची मोरी बघा

पुण्यातली नोकरी सोडून पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी परतलेल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: "घरी दोन गाई आहेत. आजी होती तेव्हा घरामागच्या उकिरड्यातून चहाच्या पावडरीसारखं भुसभुशीत खत निघायचं. त्याच जागेवर मी दीड वर्ष शेण आणि घरचा केरकचरा टाकतोय. वर वाळून खपली धरलीय, आत फावडं घातलं की हिरवट काळा लगदा निघतो आणि नाक धरावं लागतं. जाड पांढऱ्या अळ्याही दिसल्या. शेजारी वासावरून रोज बोलतात. कोणतं कल्चर टाकू? की गांडूळखताचे बेड आणू?"

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. तुमचं दीडच वर्ष झालंय, तेव्हा धीर सोडू नका. पण कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, तेही लगेच आणू नका. माझी शेती कोरेगाव तालुक्यात. गेली पस्तीस-एक वर्षं आल्याला आणि घेवड्याला घरचंच खत घालतोय. हा लगदा माझ्याही उकिरड्यात झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलंय की काय टाकू. मला विचाराल तर खरा प्रश्न असा आहे की आजी जे टाकत होती त्यातलं काय काय आता उकिरड्यात येईनासं झालंय. जागा तीच, शेण तेच, मग फरक कुठे पडला?

आजीच्या उकिरड्यात रोज काय जात होतं ते आठवून बघा. जमीन मातीची, सारवलेली. ती झाडली की केरात निम्मी मातीच असायची. गव्हाणीत गुरांनी टाकलेली चगळ, म्हणजे कडब्याचे बुडखे आणि सरमडाची धाटं, तीही शेणात मिसळूनच पाटीत यायची. गोठ्यात खाली मुरूम-माती, तिच्यावर थोडा पालापाचोळा. रात्रभर त्यावर मूत पडायचं आणि सकाळी तो ओला पाचोळा शेणाबरोबर उचलला जायचा. चुलीची राख असायची. भाजीची देठं आणि उष्टं मात्र उकिरड्यापर्यंत क्वचितच पोचायचं, ते गाईच्या आंबोणात नाहीतर शेळीच्या तोंडात जायचं. म्हणून खेड्यातला उकिरडा आणि शहरातल्या गच्चीवरचा ओल्या कचऱ्याचा ड्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गच्चीवरच्या ड्रमाचे सल्ले वाचून उकिरडा चालवायला गेलात तर फसाल.

आता तुमचं घर बघू. तुम्ही लिहिलं नाहीये, पण माझा अंदाज असा की घरात फरशी आहे, चूल बंद आहे, कुट्टी मशीन आहे आणि गोठ्यात कोबा केलाय. फरशीच्या केरात माती नसते, केस आणि गुटख्याच्या पुड्या असतात. कडबा कुट्टी करून घातला की गाय चाटूनपुसून खाते, चगळ उरत नाही. आणि कोबा पाइप लावून धुतला की मूत गेलं गटारात. उकिरड्यात येतं ते नुसतं ओलं शेण. शेणात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते एकावर एक पडलं की दबतं आणि आत हवा जात नाही. हवा नाही म्हणजे ते कुजत नाही, आंबतं. हिरवट रंग, चिकटपणा आणि घाण वास हे सगळं त्या आंबण्याचंच आहे. वरची खपली उन्हानं धरते आणि उरलीसुरली हवाही बंद करते.

माझी गोष्ट सांगतो. कोबा केला त्या वर्षी मीही खूश होतो. गोठा चकचकीत, गाईंचे सड स्वच्छ, डासही कमी. खताचा जोर कमी झालाय हे लक्षात यायला तीन वर्षं गेली. गाड्या तेवढ्याच निघत होत्या, पण आल्याचा पाला पहिल्यासारखा काळाभोर दिसेना. मी बियाण्याला दोष दिला, पाण्याला दिला. मग एकदा गोठ्याच्या मागच्या बाजूला गेलो. मोरीचं पाणी बांधाला जिथं पडायचं तिथं अळू माजलं होतं, पानं सुपाएवढी. कुणी लावलेलं नाही, कुणी खत घातलेलं नाही. माझ्या आल्याचं खत ते अळू खात होतं.

याचा हिशेब सोपा आहे. जनावराच्या अंगातून जे नत्र (नायट्रोजन) बाहेर पडतं त्यातलं साधारण निम्मं मुतात असतं, आणि पालाशाचा (पोटॅशचा) तर मोठा वाटा मुतातच असतो. एक गाय दिवसाला आठ-दहा लिटर मुतते. दोन गाईंचे वर्षाला सहा हजार लिटर धरा. लिटरमागे सात-आठ ग्रॅम नत्र म्हटलं आणि त्यातलं निम्मं वाटेत उडून गेलं असं मानलं, तरी युरियाच्या एका ४५ किलोच्या पोत्यात असतं त्यापेक्षा जास्त नत्र तुमच्या गटारातून दरवर्षी वाहतंय.

मी काही नवीन सांगत नाही. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, त्यात गोठ्यातली मुतानं भिजलेली माती हा एक मुख्य माल होता. बैलांच्या पायाखालची माती ठरावीक महिन्यांनी खणून काढायची, बारीक करून खड्ड्यात थरांवर पसरायची आणि गोठ्यात नवी माती भरायची. आपल्या आज्या पाटीनं जे करत होत्या ते त्यांनी मोजून-मापून केलं.

म्हणजे कोबा फोडायचा का? नाही. दुधाचा धंदा असेल तर कोबा हवाच, कासेचे आजार परवडत नाहीत. मी काय केलं ते सांगतो. धुण्याआधी खराट्यानं सगळं कोरडं ओढून घेतो. संध्याकाळी गाईंच्या मागच्या बाजूला दोन पाट्या कोरडं काहीतरी पसरतो: भुईमुगाची टरफलं, सोयाबीनचं भुसकट, वाळकी पानं, काहीच नसेल तर चाळलेली माती. सकाळी ते मूत पिऊन जड झालेलं असतं, ते शेणाबरोबर उचलतो. उरलेल्या मुतासाठी मोरीच्या तोंडाशी एक टाकी पुरलीय. त्यातलं दोन बादल्या रोज खड्ड्यावर शिंपडतो. पाइपनं धुणं त्यानंतर, आणि ते पाणी टाकीत जाऊ देत नाही. एवढ्या एका बदलानं तुमचं निम्मं काम होईल, कारण शेणात मिसळायला कोरडा माल आपोआप मिळतो.

आता आहे त्या ढिगाचं काय? तो फुकट गेलेला नाही. एक दिवस दोन माणसं लावा आणि सगळा उपसून बाजूला घ्या. आधी प्लास्टिक वेचून काढा. आमच्या लहानपणी उकिरड्याच्या खतात फार तर बांगड्यांच्या काचा आणि खापऱ्या निघायच्या, आता शाम्पूच्या पुड्या, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि लहान मुलांचे डायपर निघतात. डायपर, औषधं आणि सेल उकिरड्यात टाकायचे नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा नीट सांगा. मोठ्यांनाच सांगावं लागतं, हा माझा अनुभव.

मग नवा खड्डा. दोन गाईंना दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल असे दोन खड्डे पुरतात. एक भरेपर्यंत दुसरा कुजतो. पण खड्डाच का, हे तुमच्या पावसावर आहे. पारनेरला पाऊस जेमतेम, ऊन कडक, तिथं खड्ड्यात ओल टिकते म्हणून खड्डा बरा. माझी बहीण चिपळूणकडे दिलीय, तिथं खड्डा खणला तर आषाढात विहीर होईल. त्यांची गायरी, म्हणजे तिकडचा उकिरडा, उंचवट्यावर असते, वर झावळ्यांची झापं टाकलेली, आणि शेणात मिसळायला पातेरा, म्हणजे वाळका पाला, भरपूर. उकिरड्यातून काळं पाणी वाहताना दिसलं की समजा खताचा अर्क चाललाय. जुने उकिरडे याबाबतीत काही आदर्श नव्हते. उघड्यावर, उतारावर, वर्षभर ऊन-पाऊस खात पडलेले. आजीचं खत चांगलं निघायचं ते मालामुळे, जागेमुळे नव्हे. तुमच्या जुन्या जागेवर वरून छपराचं किंवा रस्त्याचं पाणी येत असेल तर जागा बदला. विहीर किंवा बोअरपासून किमान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. झाडाची सावली मिळाली तर उत्तम.

भरायची पद्धत महत्त्वाची, इथं बहुतेक जण चुकतात. अख्ख्या खड्ड्यात रोज पातळ थर पसरत बसलात तर सहा महिने सगळाच माल उघडा राहतो, वाळतो आणि त्यात माश्या होतात. त्यापेक्षा एका टोकापासून सुरुवात करा. तीन फूट लांबीचा पट्टा धरा आणि रोजचा माल तेवढ्यातच टाका. तळाला तुरीच्या काड्या किंवा पऱ्हाटी आडवी-तिडवी घाला, त्या लवकर कुजत नाहीत पण हवेला वाट ठेवतात. त्यावर रोजचं शेण-पाचोळा. शेणाच्या एका पाटीला कोरड्या मालाची किमान एक पाटी, पावसाळ्यात दीड. तुमचा जुना लगदाही असाच थोडा थोडा, कोरड्या मालात कालवून, विरजणासारखा घालत जा. रोजच्या मालावर वरून दोन ओंजळी माती भुरभुरवायची. जमिनीच्या वर दीड फूट आला की त्या पट्ट्याला कासवाच्या पाठीसारखा उतार देऊन शेण-मातीनं लिंपून टाका आणि पुढचा पट्टा धरा. लिंपल्यापासून चार-पाच महिन्यांत खत तयार. घाई असेल तर लिंपण्याऐवजी दर तीन आठवड्यांनी वरखाली करा, तीन महिन्यांत निघेल. पण त्याला माणूसबळ लागतं आणि चाळवताना थोडं नत्र उडतं. दोन गाईवाल्यानं लिंपावं, असं माझं मत.

ओल किती, हे हातानं कळतं. मूठभर माल घेऊन दाबा. लाडू झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. गळलं तर कोरडं घाला, लाडू फुटला तर मूत किंवा पाणी शिंपडा. आत काम चाललंय का हे बघायला भरलेल्या पट्ट्यात पहार खुपसून ठेवा. आठवड्यानं उपसून टोकाला हात लावा. हातात धरवत नसेल तर आत साठच्या आसपास तापमान आहे, तणाचं बी आणि रोगाचे जंतू मरतायत. पहार थंडगार निघाली तर एकतर माल कोरडा आहे, नाहीतर तुमच्यासारखा लगदा झालाय.

राखेबद्दल थोडं वेगळं मत आहे माझं. पूर्वी सगळी राख उकिरड्यात जायची आणि लोक अजून तसंच सांगतात. राखेत पालाश असतो हे खरं, पण राख खारी असते. ताज्या, मुतानं भिजलेल्या शेणावर ती पडली की झणका येतो, डोळ्यांत पाणी येतं. तो झणका म्हणजे उडून चाललेलं नत्र. आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटत असेल तर राख कोरडी साठवा आणि ती सरळ शेतात किंवा परसातल्या वेलांच्या आळ्यात घाला. उलट थोडं सिंगल सुपर फॉस्फेट थरांवर भुरभुरवलं तर नत्र धरून राहतं. ज्यांना रासायनिक काहीच नको त्यांनी मातीवर भागवावं, तीही बरंच धरते.

गोवऱ्या थापायच्या की नाही यावरून घरात वाद असतील तर माझ्या आईचा नियम सांगतो. उन्हाळ्यातलं शेण गोवऱ्यांना, पावसाळ्यातलं उकिरड्याला. पावसात गोवऱ्या वाळत नाहीत आणि उन्हाळ्यात उघडं शेण कुजण्याआधीच वाळून जातं. पण तुमच्याकडे लिंपलेला खड्डा असेल तर उन्हाळ्यातलं शेणही वाचतं, मग चुलीपुरत्याच गोवऱ्या थापा.

आता अळ्या. खतातून हुमणी, म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी, येते म्हणून लोक शेणखतच बंद करतात, ते मला पटत नाही. उकिरड्यातली प्रत्येक जाड पांढरी अळी हुमणी नसते. एक अळी सपाट फरशीवर ठेवून बघा. पाठीवर उताणी होऊन सरकायला लागली तर ती फुलभुंग्याची, कुजका माल खाऊन खतच करते. अंगठ्याएवढी जाड असेल तर बहुधा गेंड्या भुंग्याची. तो नारळाचा शत्रू, तेव्हा परसात माड असेल तर वेचून कोंबड्यांना घाला. पिकाची मुळं खाणारी हुमणी मुख्यतः शेताच्या मातीत वाढते. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे बाहेर पडतात आणि जमिनीत अंडी घालतात, अर्धं कुजलेलं खत घातलेली जागा त्यांना आवडते. म्हणजे दोष कच्च्या खताचा आहे. पूर्ण कुजलेल्या खतात अळीला खायला फारसं काही उरत नाही.

कच्च्या खताची शिक्षा मी भोगलीय. एका उन्हाळ्यात ट्रॅक्टर रिकामा मिळाला म्हणून तीन महिन्यांचं अर्धवट खत उपसून आल्याच्या रानात टाकलं. त्यात मीच बांधावरचं फुलावर आलेलं गाजर गवत उपटून टाकलं होतं आणि हराळीच्या काश्याही. पुढं भांगलणीला जेवढी मजुरी गेली तेवढ्यात दोन ट्रॉल्या चांगलं खत विकत आलं असतं. तेव्हापासून गाजर गवत फुलायच्या आधीचंच खड्ड्यात घेतो, आणि हराळी व लव्हाळा बांधावर खडखडीत वाळवून जाळतो. काही तणं अशी असतात की त्यांच्या बाबतीत तत्त्व बाजूला ठेवावं लागतं.

वास आणि माश्यांचं भांडण या सगळ्यात आपोआप मिटेल. उन्हाळ्यात माशीच्या अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून रोजचा माल रोज झाकला पाहिजे. शेजाऱ्यांना पहिल्या वर्षी चार पाट्या खत परड्यातल्या वांग्यांना द्या, तेही उपयोगी पडतं. आमच्याकडे दिवाळीत एक पणती उकिरड्यावर ठेवतात. ती ठेवताना शेजारीण वास येतो म्हणून कुरकुरत नाही, एवढी साफ जागा असावी.

कल्चरचं म्हणाल तर शेण म्हणजेच जिवाणूंचं कोठार, वर एक पाटी जुनं खत घातलंत की विरजण झालं. गाझियाबादच्या सरकारी सेंद्रिय शेती केंद्रानं काढलेल्या 'वेस्ट डीकंपोजर' या कल्चरची बाटली वापरली तरी तोटा नाही, पण हवा नसलेल्या लगद्यात ती बाटलीही काही करू शकत नाही. गांडुळांचंही तसंच. ताजं शेण तापतं आणि गांडुळं मरतात, त्यामुळे शेण आधी पंधरा-वीस दिवस थंड करावं लागतं. सावली लागते, मुंग्या-उंदरांची राखण लागते. परसबाग, रोपवाटिका असेल तर एखादा बेड जरूर करा. दोन एकराला पुरेल एवढं खत त्यातून काढायचं म्हणजे पूर्ण वेळेचा धंदा आहे. शेण कमी आणि काडीकचरा जास्त असेल तर पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी बघा, दहा बाय सहा बाय तीन फुटांची, भोकं ठेवून बांधलेली. तिला शंभर-एक किलो शेणात दीड टनाच्या आसपास काडीकचरा आणि तेवढ्याहून थोडी जास्त माती चालते. पण तुमच्याकडे शेण आहे आणि कचराच कमी पडतोय, त्यामुळे तुम्हाला तिची गरज दिसत नाही.

थोडक्यात क्रम लावून देतो. आधी गोठ्यात कोरडा माल पसरायला लागा आणि मोरीशी टाकी घ्या, मग खड्डा खणा, मग जुना ढीग वेचून त्यात थोडा थोडा मिसळा. खर्च म्हटलात तर टाकी आणि दोन दिवसांची मजुरी.

खत तयार झालंय की नाही हे रंगावर ठरवू नका, लगदाही काळाच असतो. मूठभर खत ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा झणझणीत वास आला तर अजून महिनाभर थांबा, पहिल्या पावसाच्या मातीसारखा आला तर गाडी जुंपा. दोन गाईंवर वर्षाला दीड-दोन ट्रॉल्या खत निघेल. तेवढं अख्ख्या रानाला पुरणार नाही, म्हणून दरवर्षी एक तुकडा धरा आणि त्यालाच भरपूर घाला. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खत रानात जातं. तेव्हा ढिगल्या घालून महिनाभर उन्हात ठेवायची जी पद्धत आहे ती मोडा. ज्या दिवशी नेलं त्याच दिवशी विस्कटा आणि मागोमाग कुळव फिरवा. कुळवाला बैल किंवा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर खतही दुसऱ्या दिवशीच न्या.

कोब्याचा उतार कुठल्या बाजूला आहे आणि मोरीचं पाणी नक्की कुठं पडतं ते बघून कळवा. टाकी किती मोठी घ्यायची ते त्यावर सांगतो.